रिकामं म्हणजे शून्य नव्हे

काटेमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. मालगोदामाच्या फाटकाशी मोठा वजनकाटा आहे, त्याच्या काचेच्या खोलीत सव्वीस वर्षं बसून ट्रक मोजता मोजता ते नाव त्यांना चिकटलं, आणि पुढे बायकोसुद्धा लाडात आली किंवा चिडली की त्यांना तसंच म्हणू लागली.

भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन लिहायचं. माल उतरवून तोच ट्रक रिकामा परत आला की पुन्हा वजन. भरल्यातून रिकामं वजा केलं की माल किती ते कळतं; एवढंच ते शास्त्र. पण रोजच्या गाड्यांसाठी तिथे एक सोय असते. त्यांचं रिकामं वजन दर खेपेला घेत नाहीत, मागच्या नोंदीतलं उचलतात. वेळ वाचतो, रांग हलते. एकदा एका ड्रायव्हरने खिडकीत डोकं घालून म्हटलंही होतं, "मास्तर, गाडी तीच आहे, पण टपावर दोन टायर चढलेत. मागचं वजन लावाल तर माझे टायर सिमेंटात मोजले जातील!"

मास्तर हसले होते. उतरून टायर बघितले होते, नवं वजन घेतलं होतं. कामावर माणूस सावध असतो. दिव्याखाली अंधार असतो तो घरी.

घरी पूर्वी पाकिटं होती. नऊ पाकिटं, खाकी, कडा झिजून मऊ झालेली. पगार झाला की बायको जेवणाच्या टेबलावर ती पत्त्यांसारखी मांडायची आणि नोटा वाटायची. भाडं, दूध, वीज, किराणा, औषध, गॅस, बस, लेकीकडे जाणं-येणं, आणि नववं 'देवाला ठाऊक'. त्या नवव्यातून पाहुणे निघायचे, फुटलेली काच निघायची, दातदुखी निघायची. ती घरीच शिवणकाम करायची. कुणाची पँट आखूड कर, कुणाची चेन बदल. त्याचे सुटे पैसे कधी या पाकिटात जात, कधी त्या. हिशेब असा कुठे लिहिलेला नव्हता. ती पाकीट बोटांनी दाबून बघायची आणि सांगायची, "दुधाचं द्यायचं राहिलंय हो, पाकीट अजून फुगलेलं आहे."

मास्तरांना याची लाज वाटायची. जो माणूस चाळीस टनांच्या ट्रकमधले वीस किलो सोडत नाही, त्याच्या घरचा कारभार बोटांनी दाबून चालावा!

लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, तिथे ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायची. सुट्टीला आली तेव्हा तिने बाबांच्या फोनवर खर्चाचं एक ॲप घालून दिलं. बँकेचे मेसेज वाचून ते आपोआप खर्चाची वाटणी करायचं. पहिल्याच आठवड्यात त्याने आईचा दोरा, सुया, बटणं सगळं 'छंद आणि करमणूक' या खात्यात टाकलं.

"बरोबर आहे की," आई म्हणाली. "तुमच्याशी बोलण्यापेक्षा जास्तच करमणूक होते त्यात."

"काढून टाक ते," मास्तर लेकीला म्हणाले. "मला कोरं शीट दे. मी माझं बांधतो."

आणि त्यांनी बांधलं. दोन महिने खपले. तेवीस ओळी, बारा महिने, वर्षाची बेरीज, जास्त खर्च झाला की तो चौकोन लाल. प्रत्येक ओळीला तारीख. बायकोने दिवसाचा खर्च सांगायचा, त्यांनी घालायचा. ते कामावर असतील तर तिने तिच्या फोनवरून घालायचा. पण ती विसरायची. मासिक बेरीज लंगडी पडायची. तेव्हा मास्तरांना काट्यावरची ती सोय आठवली, आणि त्यांनी एक फॉर्म्युला लिहिला: चौकोन रिकामा राहिला तर मागच्या महिन्याचा आकडा आपोआप उचलायचा. भाडं तेच, विमा तोच, दूध जवळपास तेच. मग रोज उठून लिहायचं कशाला?

"आणि एखाद्या महिन्यात खर्चच झाला नाही तर?" बायकोने विचारलं.

"तर शून्य लिहायचं."

"रिकामं ठेवलं तर? रिकामं म्हणजे शून्यच ना?"

"नाही. रिकामं म्हणजे विसरलेलं. विसरलेलं शीट भरून घेतं."

"शहाणं आहे हो तुमचं शीट," ती म्हणाली. "माणसाला विसरायची सवय लावतं."

पाकिटं तिने टाकून दिली नाहीत. शिवणाच्या टेबलाच्या खणात, मापाच्या टेपखाली सरकवून ठेवली.

आता घडलं ते असं. बँकेचं जुनं कार्ड संपलं, नवं आलं. सोबतच्या पत्रात होतं की जिथे जिथे जुन्या कार्डावरून हप्ता कापला जातो तिथे नवा नंबर कळवा. मास्तरांनी यादी करून विजेला कळवलं, फोनला कळवलं. विम्याचं राहिलं. तो विमा चार वर्षांपूर्वी लेकीने तिच्या कॉम्प्युटरवरून काढून दिला होता. दोघांच्या आजारपणाचा, महिना दोन हजार नऊशे. मास्तरांच्या हातून तो कधी भरला गेलाच नव्हता, म्हणून यादीत सुचला नाही. कंपनीचे मेसेज आले असणार. पण दिवसाला पंधरा जाहिराती येतात म्हणून त्यांनी असल्या सगळ्या मेसेजांचा आवाज बंद केला होता.

विम्याच्या ओळीतला त्या महिन्याचा चौकोन रिकामा राहिला. शीटने मागचा आकडा उचलला. दोन हजार नऊशे. पुढच्या महिन्यात त्याच्या मागचा. मग त्याच्या मागचा.

दर महिन्याला बँकेत शीटपेक्षा थोडे जास्त पैसे निघू लागले. बायकोच्या शिवणाचे रोख पैसे अधूनमधून बँकेत पडायचे, किराणा कधी रोखीत व्हायचा, त्यामुळे फरक दरवेळी वेगळा. कधी सव्वीसशे, कधी एकतीसशे. नाहीतर मास्तरांच्या डोळ्याला तो एकसारखा आकडा टोचलाच असता. त्यांनी खाली एक ओळ वाढवली, 'फरक', आणि तिला हिरवा रंग दिला.

"बघितलंस? पाकिटांच्या काळात महिनाअखेर काय उरायचं? देवाचं नाव! आता बघ."

"अहो, पण हे उरतंय कुठून?"

"शिस्तीतून."

"शिस्त काय नोटा घालते? कुणाचं तरी द्यायचं राहिलंय."

"सगळं दिलंय. हे बघ, ओळीओळीने भरलंय. भाडं, वीज, विमा..."

"भरलेलं दिसतंय. पण मला सारखं वाटतं, कुठलंतरी पाकीट फुगलंय."

"तू पुन्हा बोटांनी दाबायला लाग," मास्तर म्हणाले. ती हसली, आणि बोलणं तिथेच संपलं.

सहाव्या महिन्यात त्या हिरव्या ओळीत सतरा हजारांवर जमले होते. मास्तरांच्या मनात एक गोष्ट बरीच वर्षं होती. बायको पायाने चालवायच्या जुन्या मशीनवर शिवायची, आणि हल्ली तासभर पाय मारले की तिला धाप लागायची, घोटे सुजायचे. मास्तरांनी विजेवर चालणारं मशीन आणलं. सोळा हजार आठशे. तिला न सांगता आणलं. टेबलावर ठेवून वर तिचीच ओढणी टाकली.

तिने ओढणी उचलली. मग मशीनच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "काटेमास्तर, तुमच्या शीटचं मी उगीच वाईट बोलले."

मशीन आलं, पण धाप गेली नाही. जिना चढताना तर ती दोनदा थांबायची. एका सकाळी भाजी चिरता चिरता ती सुरी तशीच धरून भिंतीला टेकली, आणि मास्तर तिला तपासायला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण फिरवून बोलणाऱ्या नव्हत्या. हृदयातली एक झडप अरुंद झाली होती. ती बदलायला हवी होती, आणि लवकर. "महिन्याच्या आत झालं तर बरं. विमा आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाले. ते इतक्या ठामपणे म्हणाले की बायकोच्याही चेहऱ्यावर रंग आला.

खालच्या मजल्यावर विम्याची खिडकी होती. तिथल्या मुलीने नंबर घातला आणि थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली.

"काका, पॉलिसी बंद पडलीय. पाच महिने झाले."

"शक्य नाही. दर महिन्याला हप्ता जातो. माझ्याकडे नोंद आहे."

"बँकेची?"

मास्तरांनी फोन काढला, शीट उघडलं, ती ओळ शोधली आणि काचेला फोन टेकवून तिला दाखवली. एका ओळीत बारा चौकोन, बाराही भरलेले.

मुलीने बघितलं. तिला वाईट वाटलं असावं, कारण तिचा आवाज एकदम खाली आला. "काका, हे तुम्ही लिहिलेलं आहे. पैसे आमच्याकडे आलेले नाहीत."

"आता सगळे भरतो. दंडासकट भरतो."

"आता नवी पॉलिसी निघेल. पण आधीपासूनच्या आजाराला ती तीन वर्षं चालत नाही."

त्या कंपनीत त्यांनी किती फोन केले, कुणाकुणाच्या पाया पडले ते सांगण्यात अर्थ नाही. सगळीकडून तेच उत्तर आलं, आणि बहुतेक ठिकाणी गोड आवाजात आलं. ऑपरेशनला साडेचार लाख लागणार होते. बँकेत एक लाख दहा हजार होते. मोठ्या सरकारी दवाखान्यात ते जवळजवळ फुकट होणार होतं, पण तिथे रांग होती, आणि रांगेतली तारीख मिळाली सात आठवड्यांनंतरची.

बायकोला मास्तरांनी सांगितलं, "कंपनीने घोळ घातलाय. लढतोय मी."

लेक दुसऱ्याच दिवशी आली. तिने नवऱ्याच्या ऑफिसात कर्जाचा अर्ज टाकला होता, स्वतःच्या बांगड्या आणल्या होत्या. हप्ते कधीपासून थांबले ते बघायला तिने बाबांचं शीट उघडलं, विम्याच्या ओळीवर गेली आणि एकेका चौकोनावर टिचकी मारत राहिली. पहिल्या तीन चौकोनांत आकडा होता. पुढच्या चौकोनांत आकडा नव्हताच. वर दिसत होता तो आकडा, आत होता फॉर्म्युला. तिला ते बघायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

ती बाबांकडे वळली. मास्तर दाराशी उभे होते.

"बाबा, हे हप्ते गेलेच नाहीत. हे तुमचे चौकोनच एकमेकांचं बघून लिहितायत."

"आईला सांगू नकोस."

"बाबा..."

"तिला म्हणालोय कंपनीची चूक. तेवढं राहू दे बाळा. तिच्यासमोर मला तेवढं तोंड राहू दे."

"काय सांगायचं नाही आईला?" आतल्या खोलीतून आवाज आला. धाप लागणाऱ्या माणसाचे कान तिखट होतात; स्वतःचा श्वास ऐकत बसायची त्यांना सवय झालेली असते.

दोघं आत गेले. ती उशीला टेकून बसली होती. मास्तर तिच्या पायाशी बसले आणि त्यांनी सांगितलं. कार्ड सांगितलं, फॉर्म्युला सांगितला, आणि शेवटी, सांगायची गरज नव्हती तेही सांगितलं, की हिरव्या ओळीतले पैसे म्हणजे तिच्या विम्याचेच पैसे होते.

ती ऐकत होती. मग एकदम तिचा खांदा हलू लागला. लेकीला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"म्हणजे माझं मशीन... माझ्याच विम्यातून!" हसता हसता तिला धाप लागली, लेकीने पाणी दिलं. "तरी म्हटलं, मास्तरांचा हात एवढा सैल कसा झाला!"

"मी ते विकतो," मास्तर म्हणाले. "आजच विकतो."

"खबरदार. त्याचे बारा येतील, ते कुणाला पुरणार आहेत? इतक्या वर्षांत न मागता मिळालेली ती एकच गोष्ट आहे. ते राहील." मग ती लेकीला म्हणाली, "तो खण उघड गं. टेपखाली बघ."

खणात पाकिटं होती. आठ चपटी होती. नववं, 'देवाला ठाऊक', फुगलेलं होतं.

"दर महिन्याला तीनशे टाकले त्यात, शिवणातले," ती म्हणाली. "कोण घेणेकरी दारात उभा राहील ते कळत नव्हतं, पण कुणीतरी राहणार हे कळत होतं. माणसाने थोडं तरी बाजूला काढून ठेवावं. अठराशे आहेत. घ्या."

मास्तरांनी ते पाकीट हातात घेतलं. बोटांनी दाबून बघितलं. आणि मग त्या घरात, सव्वीस वर्षांत कुणी ऐकला नव्हता असा एक आवाज त्यांच्या तोंडून निघाला.

ती त्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "पुरे. खरी वही वर आहे. ती ठेवणारा मागचा आकडा उचलत नाही. ज्याचं त्याचं बघून लिहितो. तुम्ही मला मारायला बसला नव्हतात, हे त्याला ठाऊक आहे. चहा टाका, साखर कमी."

सात आठवडे मोजायला मास्तरांना शीट लागलं नाही. लेकीच्या नवऱ्याचं कर्ज मंजूर होत आलं, कामावरच्या पतपेढीने साठ हजार कबूल केले. चौथ्या आठवड्यात तीन लाखांवर जमले होते, आणि अलीकडची तारीख मिळते का ते बघायला लेक सरकारी दवाखान्यातही खेटे घालत होती. विम्याच्या ओळीत मास्तरांनी शून्य घातलं होतं. बाकीच्या ओळींकडे बघायला कुणाला सवड नव्हती. बायको दिवसभर खुर्चीत बसायची. मशीनवरचं झाकण काढून ठेवायला सांगायची, नुसतं समोर दिसावं म्हणून. कधी गुणगुणायची, पण एक ओळ एका श्वासात पुरी होत नसे.

पाचव्या आठवड्यात, एका दुपारी, मास्तर गोळ्या घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आले. ती खुर्चीत होती. मान जरा कलली होती, एक हात मांडीवर उताणा. त्यांनी दोनदा हाक मारली, लग्नाच्या नव्या नव्या दिवसांत मारायचे त्या नावाने. मग गोळ्या मशीनच्या पाटीवर ठेवल्या आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसले. लेक बाहेरून आली तोवर ते तसेच बसलेले होते.

कर्ज मंजूर झालं. ते परत करावं लागलं.

लेक तीन आठवडे राहिली आणि गेली. जाताना म्हणाली, "बाबा, ते शीट पुसून टाका. मी टाकू का?"

"मी बघतो."

एक तारखेला मास्तरांनी ते उघडलं. सवय. सकाळचं ऊन टेबलावर आलं होतं, मशीनवर त्यांनी तिची ओढणी घातली होती. नवा महिना त्यांनी काहीही न लिहिता स्वतःच भरून तयार होता. गोळ्या, सहाशे चाळीस. तिचा फोन, एकशे नव्व्याण्णव. तिची बस, दोनशे साठ. दोरा, सुया, बटणं, तीनशे दहा. शीटने तिच्या गोळ्या आणल्या होत्या, तिला बसमधून फिरवून आणलं होतं, आणि मागच्या महिन्यात केलं होतं तसंच सगळं याही महिन्यात करून ते पुढच्या महिन्याची वाट बघत होतं. चौकोन रिकामा ठेवला की शीटला वाटायचं, माणसं विसरलीत.

त्यांनी गोळ्यांच्या चौकोनात शून्य घातलं. फोनमध्ये घातलं. बसमध्ये घातलं. दोऱ्याच्या ओळीवर बोट अडलं.

शून्य घालवेना. आणि तीनशे दहा तसे ठेवले तर तो पुन्हा खोटा आकडा; त्या खोट्यानेच घर खाल्लं होतं. माणूस अशा जागी अडकला की काय करेल सांगता येत नाही. मास्तरांनी चपला घातल्या, पाकीट खिशात टाकलं, कोपऱ्यावरच्या दोरे-बटणांच्या दुकानात गेले आणि काउंटरवर तीनशे दहा ठेवले.

"दोरा द्या. एवढ्याचा."

दुकानदारीणबाईंना बातमी कळलेली होती. त्यांनी पैशांकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. मागे भिंतभर रिळं होती. "कुठला रंग देऊ?"

सव्वीस वर्षं ज्यांनी किलोकिलोची नोंद ठेवली त्या माणसाने भिंतीकडे बघितलं. दोऱ्याची ओळ त्यांनी दर महिन्याला वाचली होती. रंग कुठल्याच चौकोनात नव्हता.

"मागच्या महिन्यात नेला तोच द्या," ते म्हणाले.

बाईंनी रिळांकडे नेलेला हात मागे घेतला.

"मास्तर, मागच्या महिन्यात ताई आल्या नाहीत. त्याच्या मागच्याही महिन्यात नाहीत. नवं मशीन आलं तेव्हा एकदा आल्या होत्या, हौसेने. तीच शेवटची."

मास्तरांनी हळूहळू मान हलवली, गाडीचं वजन पटल्यावर हलवायचे तशी.

"तेव्हा कुठला नेला होता?"

"निळा. एकच रीळ. बारा रुपये झाले होते."

"एकच?"

"म्हणाल्या, बाकीचे पैसे एका पाकिटात टाकायचेत."

त्यांनी बारा दिले, निळं रीळ घेतलं, उरलेले पैसे खिशात घातले आणि घरी आले. टेबलाशी बसून या महिन्याच्या चौकोनात बारा लिहिले. मग मागे गेले. मागच्या महिन्यात शून्य. त्याच्या मागच्यात शून्य. त्याच्या मागे मशीनचा महिना होता. तिथे शीटने तीनशे दहा उचलले होते, ते पुसून त्यांनी बारा केले.

ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर गेलं. मास्तर आणखी मागे गेले, आणखी एका चौकोनावर टिचकी मारली, आणि आत आकडा आहे की फॉर्म्युला ते बघू लागले. तेवीस ओळी होत्या. प्रत्येक महिन्यातून तिला खरी तेवढी शोधून काढायची होती.